मारुतीचा पाट

सत्ययुगात धर्म चार पायांवर उभा होता, त्रेतायुगात तीन पायांवर, द्वापारात दोन पायांवर, आणि आता कलियुगात तो एकाच पायावर उभा आहे, असं अण्णा सावे सांगत. ऐकणाराही बहुधा एकाच पायावर उभा असे, कारण अण्णा हे जिन्यात गाठून सांगत आणि ऐकणाऱ्याचा दुसरा पाय तोवर खालच्या पायरीवर पोचलेला असे. सरावलीच्या नीलकंठ दर्शन सोसायटीतली लिफ्ट वरचेवर बंद पडे. त्या काळात सोसायटीत धर्मप्रसार फार होई.

अण्णा तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटीला होते. म्हणजे नोकरीभर ते डबे उघडून, काडी बुडवून, उजेडात धरून ‘हा माल जाणार नाही’ असं सांगत, आणि तो माल जाई. घरी दमयंतीबाई त्यांचं बोलणं ऐकत, पण कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात. मुलगा कुशल पुण्याला होता. तो फोनवर ‘हं, हं’ म्हणे, आणि अण्णा गप्प झाले तरी थोडा वेळ म्हणत राही. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी आपल्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच अण्णांची इच्छा उरली होती. ही इच्छा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगायला गेले असते तर ती तरी कुणी पूर्ण ऐकली असती का, हा प्रश्नच होता.

तेव्हा चैत्र नवरात्रात पाडव्यापासून रामनवमीपर्यंत सोसायटीच्या हॉलमध्ये रामकथेची पोथी वाचायची, असं त्यांनी ठरवलं. पोथी वडिलांची होती आणि लाल फडक्यात बांधून कपाटावर ठेवलेली होती. वडील केळव्याला दर चैत्रात ती वाचत आणि अंगणात माणूस मावत नसे. ‘आपण कर्तव्य करायचं, फळाची आशा धरायची नाही,’ असं अण्णांनी दमयंतीबाईंना सांगितलं. त्यावर, असं असेल तर देवघरात बसून वाचा की, हॉल कशाला, असं त्या म्हणाल्या. शास्त्रात स्त्रियांनी विचारलेल्या प्रश्नांना फार मोठं स्थान आहे. सगळी ज्ञानचर्चा त्यातूनच निघते. अण्णांनी मात्र चष्मा पुसायला घेतला.

कथेचे नियम दोनच. एकदा सुरू केली की मधे सोडायची नाही, आणि निदान एक श्रोता असल्याशिवाय वाचायची नाही. सोडली तर वाचणाऱ्याच्या घराला दोष लागतो. तिसरी गोष्ट नियम नव्हे, रीत होती. रामकथा चालू असते तिथे मारुती ऐकायला येतो, म्हणून वाचणाऱ्यासमोर एक रिकामा पाट मांडून ठेवतात. त्यावर कुणी बसत नाही. केळव्याला तो नेहमी मांडलेला असे. अण्णांनाही तो मांडायचा होता, आणि इथपासून सोसायटी त्यात आली.

त्याचं असं झालं होतं, की आदल्या नवरात्रात हॉलमधल्या खुर्च्यांवर न आलेल्या माणसांसाठी रुमाल टाकून ठेवण्यावरून मोठं भांडण झालं. त्यात काही खुर्च्या मोडल्या, उरलेल्या कमिटीने गच्चीवरच्या खोलीत कोंडल्या, आणि ‘हॉलमध्ये अनुपस्थित व्यक्तीसाठी जागा राखून ठेवता येणार नाही’ असा ठराव सर्वसाधारण सभेने मंजूर केला. तेव्हापासून सगळे सतरंजीवर बसत. आता मारुती अनुपस्थित व्यक्ती आहे की नाही, हे ठरवणं भाग होतं.

सेक्रेटरी अंकुश राऊत हा माणूस सरळ, पण नियमाला भिणारा. त्याने मीटिंग बोलावली. बोईसरला कॉमर्सचे क्लास चालवणारे प्रीतम सर कमिटीवर होते. ते स्वतःला बुद्धिवादी म्हणवत, मुलीच्या परीक्षेचे दिवस सोडून. त्यांनी मुद्दा काढला की मारुती चिरंजीव आहे, म्हणजे हयात आहे, आणि हयात असून आलेला नाही, म्हणजे तो कायद्याने अनुपस्थितच ठरतो. अण्णा म्हणाले, तो आलेलाच असतो, फक्त दिसत नाही. प्रीतम सर म्हणाले, रुमालवाल्यांचंही हेच म्हणणं होतं. चर्चा बरीच रंगली. शेवटी पाट ही ‘बैठक’ नसून ‘सजावट’ आहे असं मानावं, समई आणि रांगोळीसारखी, असं ठरलं. सजावटीला बंदी नव्हती.

माईकच्या परवानगीसाठी अण्णा पालघरला एका कचेरीत जाऊन आले. तिथल्या बाईंनी, काही आमंत्रित वगैरे आहेत का, असं सहज विचारलं. अण्णांना खोटं बोलवत नाही. त्यांनी मारुतीचं नाव सांगितलं. बाईंनी मान वर न करता वडिलांचं नाव विचारलं. अण्णांनी वायू सांगितलं. आडनाव नसल्याचं सांगितलं, कायमचा पत्ता सांगता येणार नाही म्हणाले. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अण्णांकडे बराच वेळ पाहून, आजोबा, माईकशिवाय वाचलंत तर कुणाचीच परवानगी लागत नाही, असं प्रेमाने सांगितलं. अण्णा विनामाईक परतले.

सल्ले सुरू झाले होतेच. कुणी ज्येष्ठमध चघळायला सांगितलं, कुणी मिठाच्या गुळण्या. शेजारच्या उषाताईंनी वाचताना मधेमधे थांबावं असं सुचवलं, म्हणजे मालिकेत थांबतात तसं, लोक दुसऱ्या दिवशी येतात. प्रीतम सरांनी रोजच्या अध्यायाचे महत्त्वाचे मुद्दे फळ्यावर लिहून देण्याची तयारी दाखवली. अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची सवय त्यांना होती.

पाडव्याच्या संध्याकाळी हॉल भरला. अण्णांनी सोवळं नेसून, पोथीला हळदकुंकू वाहून प्रस्तावना केली आणि त्यात पाटाची कथा सांगितली. ही कथा त्यांनी वडिलांकडून ऐकली होती तशीच सांगितली. मारुती म्हाताऱ्याच्या रूपात येतो. तो सगळ्यांच्या आधी येऊन बसतो आणि सगळे गेल्यावर जातो. कुणाशी बोलत नाही. आणि तुम्ही कोण, असं कुणी विचारलं, की तो त्या क्षणी अंतर्धान पावतो, आणि कथा तिथेच मोडते. लोकांनी माना डोलावल्या. दारात पंचखाद्याचा प्रसाद होता.

दुसऱ्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. तिसऱ्या दिवशीही होता. अण्णांच्या समोर सतरंजीची नक्षी स्पष्ट दिसू लागली. दमयंतीबाई होत्या, कारण त्या अण्णांच्या पत्नी होत्या. उषाताई होत्या, कारण हॉलच्या पंख्याखाली त्यांना मेथी निवडायला बरं पडे. फळाची आशा धरायची नाही हे अण्णांना मान्य होतं, पण श्रोता हे फळात धरायचं की साहित्यात, याचा खुलासा कुठे मिळत नव्हता. घरी जाताना दमयंतीबाई म्हणाल्या, उद्या कुशलची सासू यायची आहे, मला उशीर होईल.  उषाताईंची मेथी संपली तर कथा मोडणार होती आणि घराला दोष लागणार होता, आणि हे सगळं आता एका जुडीवर येऊन ठेपलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा पोथी काखोटीला मारून वेळेआधी हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. पाटावर एक म्हातारा बसला होता.

पांढरा सदरा, धोतर, खांद्यावर पंचा. दात नसल्यामुळे हनुवटी वर आलेली. सोसायटीत कधी दिसला नव्हता. शेजारच्या इमारतींतलाही वाटत नव्हता. तो भिंतीला न टेकता ताठ बसला होता आणि समोरच्या समईकडे पाहत होता. अण्णांना आधी राग आला. एवढी सतरंजी मोकळी पडली असताना माणसाने नेमकं सजावटीवर बसावं, याला काय म्हणायचं? पण वाचणाऱ्याने आसनावर बसल्यावर इतर बोलायचं नसतं. ते बसले, आणि ‘पाट’ हा विषय नजरेने, खाकरून आणि एकदा पोथीने दाखवून सुचवत राहिले. म्हातारा हलला नाही. कथा संपल्यावर अण्णांना ताबडतोब गरम पाण्यासाठी घरी न्यायचं, हा दमयंतीबाईंचा कडक नियम होता. त्या दिवशी त्या नव्हत्या, पण नियम होता. अण्णा गेले, उषाताई मेथी घेऊन गेल्या, म्हातारा बसून राहिला.

अण्णांनी अंकुशला फोन लावून त्या माणसाला उठवायला सांगितलं. अंकुशने ठराव काढून वाचला आणि पेच असल्याचं कळवलं. पाट ही बैठक म्हटली, तर ती मारुतीसाठी राखून ठेवल्याबद्दल अण्णांवरच कारवाई करावी लागेल. सजावट म्हटली, तर सजावटीवर बसू नये असा नियम सोसायटीत नाही. गेटवरच्या चंद्रभानला त्याने विचारलं होतं, हा कोण. चंद्रभान हाताळून काळवंडलेली वही पुढे करून म्हणाला होता, “जो गाड़ी से आता है उसी का लिखते हैं, साहब. बाबाजी पैदल हैं.”

पुढच्या दिवशी म्हातारा पुन्हा सगळ्यांच्या आधी आलेला होता.

हे उषाताईंच्या लक्षात आलं. त्यांच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. सगळ्यांच्या आधी येतो. सगळ्यांच्या नंतर जातो. म्हातारा आहे. कुणाशी बोलत नाही. त्यांनी कथा संपायचीही वाट पाहिली नाही, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ही गोष्ट तिन्ही इमारतींत पोचली. त्या म्हणत होत्या, त्या फक्त म्हणत होत्या, पण हनुवटी बघितलीत का?

शनिवारी हॉल भरला.

लोक तेल घेऊन आले, रुईच्या पानांच्या माळा घेऊन आले. तेल डोक्यावर ओतावं की पुढ्यात ठेवावं यावर दारात थोडी चर्चा झाली आणि सुदैवाने पुढ्यात ठेवावं असं ठरलं. म्हाताऱ्याने वाटीत बोटं बुडवली आणि सावकाश टाळूला चोळली. हॉलमध्ये हुंदका ऐकू आला. माळ गळ्यात पडली तेव्हा त्याने ती निरखली, वास घेतला आणि राहू दिली. केळी त्याने आधी नको म्हटली, म्हणजे हाताने नको म्हटलं, मग एक घेऊन सदऱ्याच्या खिशात घातलं. केळं खाल्लं नाही म्हणजे तो मारुती नव्हे, असं प्रीतम सर म्हणाले. तो शनिवारचा उपास धरून आहे, इतकंही कळत नाही का, असं त्यांना चौघांनी सुनावलं. प्रीतम सरांनी हात जोडले. त्यांच्या मुलीचा पेपर सोमवारी होता.

सगळ्यांत मोठी अडचण ही होती की विचारायचं कुणी. आणि विचारलं तर अंतर्धान. अण्णांनीच तसं सांगितलं होतं. अंकुशला मुक्कामी पाहुण्यांची नोंद ठेवायची असते; त्याने ‘हॉलमधील पाहुण्यांनी आपली माहिती कार्यालयात द्यावी’ अशी नोटीस भिंतीवर, बरोबर म्हाताऱ्याच्या समोर, लावून पाहिली. म्हाताऱ्याने ती पाहिली आणि तिला नमस्कार केला. नोटिशीच्या वरच्या कोपऱ्यात सोसायटीच्या गणपतीचं चित्र होतं.

इतके दिवस लोक अण्णांकडे तोंड करून आणि पाट बाजूला ठेवून बसत होते. आता ते पाटाकडे तोंड करून बसू लागले, आणि पाट अण्णांच्या समोर, पलीकडच्या भिंतीशी असल्यामुळे सगळ्यांच्या पाठी अण्णांकडे झाल्या. अण्णांनी इतक्या पाठी एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. कारखान्यात निरोप समारंभाला सुद्धा नाही. म्हातारा सोडला तर त्यात एकच चेहरा त्यांच्याकडे होता. दमयंतीबाई भिंतीशी बसून वाती वळत होत्या.

लंकादहनाच्या दिवशी बाहेरच्या तीन सोसायट्या आल्या. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला आणि त्यात कुणाचे तरी नवे बूट गेले. तेही लीलेत धरलं गेलं. आगीचा अध्याय म्हणून अंकुश सोसायटीचा अग्निशामक नळकांडं घेऊन दारात उभा राहिला. त्याची मुदत संपलेली होती, पण अध्याय जुना होता. शेपूट पेटल्याचं अण्णा वाचत असतानाच कुणीतरी कापराची आरती पाटापाशी आणली, आणि म्हाताऱ्याने चटकन धोतराचा सोगा मागून पुढे ओढून घेतला. सगळा हॉल एका सुरात ‘अरे अरे’ म्हणाला. अण्णा त्या ओळीवर थांबले. उषाताईंनी मागे वळून, बोट ओठांवर ठेवून, अण्णांना हळू वाचायची खूण केली. मग त्या सरकत जवळ आल्या आणि कुजबुजल्या, की त्यांचे डोळे मिटलेत, आवाजाने समाधी मोडेल.

म्हणजे श्रोत्याला त्रास होऊ नये म्हणून वक्त्याने गप्प बसावं, इथपर्यंत कथा आली होती. अण्णांनी आवाज उतरवला. पुढचा दिवसभर, म्हणजे त्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत, त्यांना काही लोक भेटले आणि, तुम्ही तिथे असता हे आमचं भाग्य, असं म्हणाले. एक गृहस्थ म्हणाले की पोथी नाही वाचली तरी चालेल, नुसती उघडी ठेवली तरी पुरे. अण्णांनी त्यांना कलियुगाचा पाय सांगायला सुरुवात केली, पण ते गृहस्थ खालच्या पायरीवर पोचले होते.

कर्तव्य मात्र सुटत नव्हतं. सुरू केलेली कथा मोडायची नव्हती. अण्णा कुजबुजत्या आवाजात वाचू लागले, डास गुणगुणावा तसे. युद्धकांडात रथ आले, गदा आल्या, मोठमोठे राक्षस कोसळले, सगळे कुजबुजत कोसळले. मधेच दमयंतीबाई उठल्या, वातीचं तबक घेऊन पुढे आल्या आणि आसनाच्या अगदी कडेला बसल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ऐकू येत नाही. जरा मोठ्याने.”

अण्णांनी आवाज चढवला. एवढा, की मागच्या पाठीही दचकल्या. आणि त्याच धडाक्यात, क्वालिटीतली जुनी खोड उफाळून आल्यासारखा त्यांनी एक प्रयोग केला. माल तपासायचा असेल तर डब्यात काडी बुडवावी लागते. अण्णांनी मुद्दाम एक पान सोडलं. इंद्रजित अजून लढत होता. त्यांनी तो एकदम मेलेला दाखवला.

हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही. म्हाताऱ्याने मात्र डोळे उघडले, मान वर केली आणि अण्णांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.  अण्णांनी थुंकी न लावता पान मागे उलटलं आणि इंद्रजितला पुन्हा जिवंत केलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

त्या संध्याकाळी अण्णांना जेवण गेलं नाही. त्यांचा विश्वास होता की मारुती येतो. पण येतो यावर विश्वास असणं वेगळं आणि तो आपल्या पाटावर बसून आपल्या चुका काढतो हे वेगळं. बरं, नाही म्हणावं, तर प्रस्तावनेत सांगितलेलं सगळं खोटं पडत होतं. हो म्हणावं, तर एवढ्या मोठ्या श्रोत्यासमोर आपण आठवडाभर कसं वाचलं, याचा हिशोब कुणाला द्यायचा? उभ्या आयुष्यात अण्णांना प्रथमच एक श्रोता मिळाला होता. सुरुवात चुकली तरी पुढे एकही दिवस न चुकवणारा, ओळ सोडली तर ओळखणारा. आणि त्याला नाव विचारायची सोय नव्हती. दमयंतीबाईंनी ताटातली भाकरी परत डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, समाप्ती झाल्यावर विचारा की, तेव्हा तो गेला तरी कथा काही मोडत नाही.

ही गोष्ट कमिटीला सुचली नव्हती, प्रीतम सरांना सुचली नव्हती आणि अण्णांनाही नाही.

रामनवमीला दुपारी बाराला पाळणा हलला, सुंठवडा वाटला गेला आणि संध्याकाळी समाप्तीचा अध्याय सुरू झाला. खाली पार्किंगमध्ये महाप्रसादाची तयारी चालू होती. मसालेभाताचा वास पहिल्यांदा जिन्यात आला, मग हॉलच्या दारात, आणि राज्याभिषेकाच्या सुमाराला तो सिंहासनाजवळ पोचला. पाठी अस्वस्थ होऊ लागल्या. जिलेबी तळायला घेतली असं कुणीतरी दारातून सांगितलं. अण्णांनी शेवटची ओवी म्हटली, पोथी मिटून कपाळाला लावली, तोवर आरतीही उरकली, आणि हॉल भराभर रिकामा झाला. जाताना लोक पाटाला नमस्कार करत होते. मारुतीला ताट वर पाठवू, आधी रांगेत नंबर लावू, असं उषाताई कुणाला तरी सांगत गेल्या. सजावट काढायला उद्या या, असं अंकुश चंद्रभानला म्हणाला आणि त्यालाही जेवायला बरोबर घेऊन गेला. दमयंतीबाई दारात थांबल्या, अण्णांकडे पाहिलं, आणि गरम पाण्याचं नावही न काढता खाली गेल्या.

हॉलमध्ये दोघेच उरले. वर पंखा फिरत होता. समई अजून जळत होती.

अण्णांनी पोथी लाल फडक्यात बांधली. गाठ दोनदा चुकली. मग ते आसनावरून उठले आणि पाटासमोर जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याच्या गळ्यात रुईच्या माळा होत्या, टाळू तेलाने चकाकत होती. अण्णांनी हात जोडले. ‘आपण कोण’ हे शब्द जिभेवर तयार होते, दुपारपासून घोकलेले होते. तोंडातून आलं ते वेगळंच.

“कथा बरी झाली ना?”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. 

“मी मेघालीचा बा,” तो म्हणाला. “माकुणसारचा. नवीन आली हाय ना ती, तिसऱ्या माळ्यावर, भाड्याने. तिची दुपारपाळी. घरात एकटा राहू नको म्हणते, जाताना मना हितं बसवून जाते.”

अण्णांचे हात जोडलेलेच राहिले. ते खाली कसे घ्यावेत हे त्यांना कळेना.

“माणसं चांगली हायत तुमची,” म्हातारा म्हणाला. “केळी देतात. तेल देतात. बोलत मातर कोण नाय.”

खालून पंगतीचा गलका वर आला. मेघाली म्हणजे संध्याकाळी जिन्यात कधीच न सापडणारी ती मुलगी, हे अण्णांना उशिराने उमगलं.  मग आवाज अगदी खाली आणून, युद्धकांडातले राक्षस पाडताना आणला होता त्याहून खाली, त्यांनी पुन्हा विचारलं.

“आणि कथा?”

म्हाताऱ्याने विचार केला. डोळे बारीक केले, हनुवटी हलवली. मग त्याने उजवा हात हळूहळू वर उचलला, तळवा अण्णांकडे करून, आणि तो तसाच धरला. अण्णांना दुसरं काही सुचलं नाही. ते वाकले आणि त्यांनी आपलं डोकं त्या हाताखाली आणलं.

“ते मंग सांगतो,” म्हातारा म्हणाला. “आदी जरा हात द्या. रोज वाचमन उठवतो, आज तो जेवाला गेला हाय.”